दोन अदारांचं वर्ष

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली कुलपांचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे किल्लीवाला म्हणतात, मीही म्हणते. माणूस बुटका, पंजे मोठे आणि आवाज त्याहून मोठा. कुलूप कोणतंही असो, आधी त्याला दोन शिव्या घालायच्या, मग कानाशी धरून हलवायचं आणि मग उघडायचं, ही त्याची पद्धत. किल्ली हरवून रडकुंडीला आलेल्या गिऱ्हाइकाला हा हमखास विचारणार, "घर तुमचंच ना? नाहीतर मला उगाच भागीदार करून घ्याल."

असा माणूस भित्रा असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. वर्षातले अकरा महिने तो तसा नसायचाच. बारावा लागला की मात्र त्याच्यातली हवा निघून जायची.

तो ज्यू. त्यांच्या हिब्रू पंचांगात अदार नावाचा महिना आहे, थंडी सरता सरता येणारा. किल्लीवाला चौदा वर्षांचा असताना त्याचे वडील अदारात गेले. याच दुकानात, हातात कानस धरलेली, आणि बसल्या जागी पुढे कलंडले. वय एक्कावन्न. पुढे थोरला भाऊही अदारातच गेला, बुटाची नाडी बांधता बांधता. वय तेच, एक्कावन्न. दोघांच्याही वेळी डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून हात झटकले. हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरतं का, हे विचारायला घरात तेव्हा कोणी भानावर नव्हतं.

थोरला गेल्यापासून किल्लीवाल्याने मनाशी पक्कं केलं की आपल्या घराण्यातल्या पुरुषांना अदार खातो. त्या महिन्यात तो शिडीवर चढत नसे. दुकानाचं शटर त्याची बायको कामावर जाण्याआधी उचलून देई. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला आहे, तिचे दंड त्याच्यापेक्षा भरलेले. तिजोरी उघडायला कोणी बोलावलं तर हा सांगे, "पुढच्या महिन्यात या." तिजोरी अडकलेला माणूस पुढच्या महिन्यापर्यंत थांबतो होय? मला त्याचा राग यायचा. एकदा म्हटलंही, "अरे, महिना माणसाला मारत नाही."

"मावशी, तुम्ही शिकलेल्या," तो म्हणाला. "तुम्हाला नसेल मारत."

गिऱ्हाइकांना तो पाठीचं दुखणं सांगे. खरं कारण माहीत असलेले आम्ही तिघंचौघंच. त्याची मुलगी तेविशीची. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिला मी विचारलं होतं, तुझा यावर विश्वास आहे का. ती म्हणाली, "विश्वास नाही हो आजी. पण त्या महिन्यात मी बाबांशी भांडत नाही."

तो एक्कावन्न वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध खरोखरच दुखायला लागलं. मुलीने हाताला धरून इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या आणि सर्जनबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. बायकोला माझ्याशिवाय आत जायचा धीर होईना, म्हणून मीही गेले. सर्जनबाई कागदावर चित्र काढून समजावत होत्या. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. सायकलची ट्यूब जुनी झाली की फुगा धरते, तशी.

"फुटेलच असं नाही," त्या म्हणाल्या, "पण फुटली तर आपल्या हातात काही उरत नाही. तीन आठवड्यांत ऑपरेशन करू."

किल्लीवाल्याने तारीख विचारली, भिंतीकडे बघत काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, "तेव्हा अदार आहे."

"अदार म्हणजे कोण? तुमचे नातेवाईक का?"

"नातेवाईकच समजा," बायको म्हणाली.

सर्जनबाईंनी हसून घेतलं आणि मग हसणं थांबवून सांगितलं की वडील आणि भाऊ बहुधा याच दुखण्याने गेले असणार. ही गोष्ट रक्तातून येते. मुलीचीही तपासणी करून घ्या. थंडीत रक्ताचा दाब चढतो, म्हणून आणखी वेळ काढू नका. यातलं किल्लीवाल्याच्या कानात किती शिरलं देव जाणे. तो अदारला चिकटून बसला होता.

त्यातून वाट काढली काकांनी. काका म्हणजे त्याच्या वडलांचे धाकटे भाऊ. ऐंशी ओलांडलेली, छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला. घरात कुणालाही हिब्रू तारीख हवी असली की काकांना विचारायचं. घराण्यातल्या पुरुषांना अदार खातो तर तुम्ही कसे उरलात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "मी आईच्या वळणावर गेलो," त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

तर काका म्हणाले, "घाबरतोस कशाला? यंदा तेरा महिन्यांचं वर्ष आहे. अदार दोन. पहिला जोडलेला, दुसरा खरा. तुझी तारीख पहिल्यात पडते. पहिला काही करत नाही."

मागेही अशा वर्षांत किल्लीवाला काकांच्या सांगण्यावरून पहिला अदार बिनधास्त काढत असे आणि दुसऱ्यात अंग चोरत असे. त्याला ते पटलं. तो इस्पितळात दाखल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

आदल्या दुपारी आम्ही सगळे त्याच्या खाटेभोवती बसलो होतो. खोलीत चार खाटा, पैकी दोन रिकाम्या. तो हसत होता, नर्सला विचारत होता की औषधांच्या कपाटाचं कुलूप इतकं फडतूस का. बोटं मात्र चादरीची कड चुरगळत होती. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालत होती. मुलगी खिडकीशी उभी होती. किल्लीवाल्याचं ते हसणं मला सहन होईना, म्हणून मी काकांना विचारलं, "काका, हा महिना जोडायचा का लागतो? नीट सांगा. आणि आटोपशीर."

काकांना आटोपशीर सांगता येत नाही, पण त्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला.

"हे बघा बाई. महिना चंद्राचा. नवा चंद्र दिसला की महिना सुरू, म्हणजे कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तिसाचा. असे बारा महिने केले की सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. दरवर्षी अकरा. तसंच सोडून दिलं तर आमचा वसंतातला सण सरकत सरकत भर थंडीत जाईल. आणि धर्मग्रंथात तर स्पष्ट लिहिलंय की तो वसंतातच हवा."

"मग जोडा एक महिना. आपल्याकडे अधिक महिना घालतात तसा."

"तेच तर. जुन्या काळी शेतात जाऊन जव बघायचे. कणीस भरलं नसेल तर म्हणायचे, वसंत आलेला नाही, आणखी एक महिना थांबा. पुढे हिशेब बसवला. एकोणीस वर्षांत सात वेळा महिना जोडायचा. आणि जोडायचा तो वसंताच्या तोंडाशी, म्हणजे अदारापाशी. एरवी अदार संपला की लगेच सणाचा महिना. जोडवर्षात मात्र पहिल्या अदारानंतर सण आणखी एक महिना लांब असतो."

हे बोलता बोलता काका थांबले. भुवया वर गेल्या. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधलेल्या माणसाला स्वतःची सापडली की चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"थोरला गेला," ते हळू म्हणाले, "तेव्हा तिसाव्या दिवसापर्यंत सगळे शोकात होतो. तो दिवस झाला. आणि तरीही सण अजून महिनाभर लांब होता. त्याची बायको म्हणाली होती, एवढ्या अवधीत मी सणासाठी घर आवरून घेईन."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. बूट घालूनच दिला. पण काकांची गाडी सुरू झाली की थांबत नाही.

"अकरा वर्षं झाली. अकरा मागे गेलं की... हो, तेही जोडवर्षच. थोरला पहिल्या अदारात गेला."

 किल्लीवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गळ्यापर्यंत आला. तो खाटेवरून खाली उतरला, सावकाश, जणू त्याच्या छातीत काठोकाठ भरलेलं भांडं होतं आणि ते सांडू द्यायचं नव्हतं. कपाटातून शर्ट काढला.

"अहो," बायको म्हणाली.

"वडील खऱ्या अदारात, दादा जोडलेल्यात. म्हणजे दोन्ही वाईट. दोन्ही सरल्यावर बघू."

"दोन महिने?" मी म्हटलं. "ती नळी तुझ्या पंचांगावर चालते का रे?"

तो बटणं लावत राहिला. एक बटण वर, एक खाली. नर्स धावत आली, तिने सर्जनबाईंना फोन लावला, सर्जनबाई ओरडल्या. तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघाला. जिना उतरताना दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता.

पुढचे दिवस आमच्या इमारतीने कसे काढले, ते आम्हालाच माहीत. त्याला घरी बसवेना, म्हणून तो दुकानात येऊन बसे. मी बरोबर त्याच्या डोक्यावर राहते. किल्ली कापायच्या मशीनची घरघर माझ्या फरशीतून येते, आणि इतकी वर्षं मी तिला शिव्या घालत आले होते. आता ती घरघर थांबली की मी थांबत असे. भाजी चिरताना सुरी थांबे. पुन्हा सुरू झाली की श्वास सोडायचा. त्याची बायको रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्याच्या पाठीला कान लावी. तिने मला हे सांगितलं तेव्हा विचारलं, "मावशी, काय ऐकू यायला पाहिजे?" मला काय ठाऊक.

एके दिवशी मशीन थांबलं ते सुरूच होईना. मी ओल्या हातांनी, पायात दोन वेगळ्या चपला घालून जिना उतरले. माझ्या गुडघ्यांना ते मंजूर नव्हतं. खाली तो स्टुलावर बसला होता. हातात अर्धी कापलेली किल्ली, कपाळावर घाम.

"काय झालं?"

"काही नाही. मावशी, आत कोणीतरी कानस चालवतंय असं वाटतं. हळूहळू. घाई नसल्यासारखं."

मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, आता हे बोलायलाच हवं. मी काकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून सगळं पुन्हा समजून घेतलं होतं, आणि वाटेत माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती.

"नीट ऐक. दुसरा अदार खरा असेल, तर तुझा भाऊ खऱ्या अदारात गेलाच नाही. जोडलेल्या महिन्यात गेला. मग अदारात गेले ते एकटे तुझे वडील. एका माणसाने घराण्याची रीत होत नाही. आणि पहिला खरा असेल, तर दुसऱ्यात तू मोकळा आहेस. कुठूनही धर, दोन महिने थांबायचं कारण उरत नाही."

तो विचारात पडला. मला वाटलं, जिंकले.

"आणि ऐक. दोघंही थंडी सरताना गेले. सर्जनबाई काय म्हणाल्या? थंडीत दाब चढतो. आणि तुमचं पंचांग काय करतं? मधेमधे महिना घालून अदारला थंडीच्या शेपटाला बांधून ठेवतं. तो महिना घातला नसता तर अदार वर्षभर भटकला असता, कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात. मारणारी थंडी आणि ती नळी. अदार बिचारा दर वर्षी तिथे हजर असतो, एवढंच."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "अगदी बरोबर. पण मावशी, मला समजलं तरी माझ्या पायांना समजत नाही. त्या खोलीत जायचं म्हटलं की ते उचलतच नाहीत."

मला इतका संताप आला की मी त्याचा टेबलावरचा चष्मा उचलून दुसरीकडे ठेवला. पण त्याच्या गुडघ्यांकडे नजर गेली. ते खरंच थरथरत होते.  त्याच्या जागी मी असते तर माझे पाय उचलले असते का, हे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

तेवढ्यात मुलगी आली. लॅबमधून मधल्या सुट्टीत डबा घेऊन येत असे. तिने डबा ठेवला, वडलांच्या कपाळाला हात लावला आणि ओढणीने घाम पुसला. मी विषय बदलावा म्हणून तिला विचारलं, "तुझी तपासणी झाली का? सर्जनबाईंनी सांगितली होती ती."

"नाही अजून."

"का?"

"करीन, आजी. अदार झाल्यावर बघू."

ती अगदी सहज बोलली. डब्याचं झाकण काढता काढता. आपण काय म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा डावा हात छातीच्या वरच्या भागावर, गळ्याखाली टेकलेला होता. तो स्वतः गेले कित्येक आठवडे तिथेच हात टेकत होता.

"तिथे दुखतं का तुला?" त्याने विचारलं.

"नाही हो. सवय."

"कधीपासूनची?"

"माहीत नाही. तुम्ही जेवा आधी."

"दुखतं का, सांग."

"बाबा, नाही म्हटलं ना." तिने हात झटकन खाली घेतला, आणि त्या झटक्यानेच मला धडकी भरली. त्याला किती भरली असेल.

तो बराच वेळ पितळेच्या भुग्यातून बोट फिरवत बसला. मुलगी पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात देत होती आणि तो घेत नव्हता. मग म्हणाला, "मावशी, सर्जनबाईंना फोन लावा. मला बोलता यायचं नाही. म्हणावं, उद्या घ्या. परवा घ्या. हा अदार असो नाहीतर तो."

"तुझे पाय?"

"उचलून न्या." मग मुलीकडे बोट दाखवलं. "आणि हिची तपासणी त्याच आठवड्यात. करायची की टाळायची, हे हिने ठरवायचं नाही."

सर्जनबाईंनी मला फोनवर पाच मिनिटं फैलावर घेतलं, जणू मीच पळून गेले होते, आणि तिसऱ्या दिवशीची तारीख दिली. पहिला अदार अजून चालू होता.

त्याला आत नेलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. बायको ढकलगाडीबरोबर दारापर्यंत गेली आणि दार मिटल्यावरही तशीच उभी राहिली, एक हात पुढे धरून. ऑपरेशनला चार तास लागतील असं सांगितलं होतं. चार झाले. त्यानंतर कोणी घड्याळाकडे बघेना. काका माझ्या शेजारी ओठ हलवत बसले होते. प्रार्थना म्हणत होते की महिने मोजत होते, मी विचारलं नाही. दर वेळी ते दार उघडे, आम्ही चौघं एकदम उठत असू, आणि कोणीतरी बादली घेऊन बाहेर येई. त्या बादल्यांचा आवाज मला अजून नको वाटतो. मुलगी मला म्हणाली, "आजी, मी तपासणी करणार नाही. मला कळून घ्यायचंच नाही." मी तिचा हात धरला. बर्फासारखा होता. 

अंधार पडायच्या सुमाराला सर्जनबाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर. म्हणाल्या, "कागदासारखी पातळ झाली होती. बोट लावायची भीती वाटत होती. पण बसवली नवी नळी. आहे तो." बायको तिथेच जमिनीवर बसली.

किल्लीवाला शुद्धीवर आला, पण चार दिवस त्याच्या तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नाही आणि तोंडातून शब्द निघाला नाही. पाचव्या दिवशी बोलला. "हिची झाली?"

झाली नव्हती. ती रोज काहीतरी कारण काढत होती. तो नुसता उठून बसायला लागला, छातीवर एवढे टाके असताना. नर्स किंचाळली. मुलगी म्हणाली, "झोपा, झोपा, जाते मी."

मी तिच्याबरोबर खाली गेले. मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दाराखालून प्रकाशाची पट्टी येत होती आणि आत काहीतरी ठोकल्यासारखं धडधडत होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी घाबरले नव्हते. बाळंतपणात नाही, नवऱ्याच्या आजारपणात नाही. या मुलीला मी लंगोटात पाहिलं होतं.

तिची रक्तवाहिनी असायला हवी त्यापेक्षा थोडी रुंद निघाली. थोडीच. आत्ता काही करायचं नाही. वजनं उचलू नकोस, दाब सांभाळ, दर वर्षी येऊन मोजून जा. ते सांगणारा डॉक्टर तरुण होता आणि पुढच्या माणसाला बोलावायच्या घाईत होता.

वर जाऊन हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लपवलं नाही, गोड केलं नाही. किल्लीवाल्याने ऐकलं. त्याचे डोळे भरले, मग हनुवटी हलायला लागली, आणि टाके ओढले जाऊ नयेत म्हणून तो आवाज न करता, अंग न हलवता रडला. असं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बायकोने त्याचे पाय चेपायला घेतले.

"पुढच्या वर्षीची तारीख घेतलीस?" त्याने मुलीला विचारलं.

"कधीची घेऊ?"

"मिळेल ती. आत्ताच्या आत्ता जाऊन घे."

ती खाली गेली आणि चिठ्ठी घेऊन परत आली. वडलांच्या हातात दिली. त्याने वाचली.  खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या काकांनी मान वाकडी करून तारीख वाचली, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागले.

"काका," किल्लीवाला म्हणाला, "कुठला महिना येतो ते सांगू नका."

काका थांबले. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बायकोही त्यांच्याकडे बघत होती, मुलगीही. ते उठले, मफलर गुंडाळला आणि चहा प्यायला म्हणून बाहेर निघून गेले.